लोकगायनाचे कैवारी : मानुएल दे फाया

स्पेनच्या दक्षिणेस अंदालुसिया हा प्रांत आहे. आठव्या शतकात तेथे अरबांची सत्ता आली; १४९२ साली ग्रानादा पडले तेव्हा ती संपली. पंधराव्या शतकातच मूळचे भारतातून गेलेले जिप्सी लोकही तेथे वस्तीस आले. या सर्वांच्या सहवासाचा ठसा ज्या गायनावर उमटला, ते फ्लामेंको होय. याच प्रांतातील कादिस बंदरात २३ नोव्हेंबर १८७६ रोजी मानुएल दे फाया जन्मले.

पियानोचे पहिले धडे त्यांना आईने दिले. १९०७ साली ते पॅरिसला गेले, आणि महायुद्ध पेटताच १९१४ साली स्वदेशी परतले. पुढील दोन वर्षांत ‘एल आमोर ब्रुखो’ ही नृत्यनाटिका व ‘स्पेनच्या उद्यानांतील रात्री’ ही पियानो आणि वाद्यवृंदाची रचना त्यांनी रसिकांपुढे ठेवली. जिप्सींच्या कंठातील आर्त आलाप आणि गिटारचे झंकार वाद्यवृंदातून ऐकू येऊ लागले.

परंतु मूळ गाण्याची दशा काय होती? शिष्टजन त्याला गुत्त्यातील गाणे म्हणून नाक मुरडीत. धंदेवाईक गायक त्याचे रूप पालटीत. जुने गाणे लोपेल, ही फाया यांची चिंता होती. म्हणून कवी लोर्का प्रभृती मित्रांसह त्यांनी १३ व १४ जून १९२२ रोजी ग्रानादाच्या अल्हांब्रा राजवाड्यात गायनस्पर्धा भरविली. एकवीस वर्षांवरील धंदेवाईक गायकांस तेथे प्रवेश नव्हता. एक वृद्ध गायक, दिएगो बेर्मुदेस, आणि मानोलो काराकोल हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा गौरविले गेले. स्पर्धेने बाजारू गाणे थांबले नाही. पण ज्या गाण्याची लाज वाटे, त्याचा विद्वानांनी राजवाड्यात सन्मान केला, हे थोडे नव्हे.

१९३६ साली यादवी युद्ध पेटले व लोर्का पकडले गेले. प्रकृतीने दुबळे, स्वभावाने भिडस्त असे फाया मित्राच्या प्राणांसाठी रदबदली करावयास अधिकाऱ्यांकडे गेले; पण लोर्का वाचले नाहीत. १९३९ साली फाया यांनी अर्जेंटिनाची वाट धरली. तेथेच १४ नोव्हेंबर १९४६ रोजी, सत्तरीस नऊ दिवस उणे असता, त्यांचे देहावसान झाले. त्यांचा देह आज कादिसच्या मुख्य चर्चमध्ये विसावला आहे.

परक्या देशी कीर्ती मिळवूनही घरच्या गाण्याला ते विसरले नाहीत, म्हणूनच आम्ही त्यांना थोर मानतो.