अंगणातील शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 साली मुंबईस झाला. 1914 मध्ये त्या बी. ए. झाल्या. पुढे राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाचे प्रमुखपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. मूल धाकाने नव्हे, तर खेळातून व स्वतःच्या हातांनी शिकते, हे त्यांनी तेथे पाहिले.

परंतु बालमंदिराची साधने महाग. गरिबांच्या मुलांस ती कोठून मिळणार? 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह बालवाडी काढली. गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, पाने, बिया हीच साधने झाली.

1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीला घरी राहावे लागे; म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणल्या. गुराखी मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली.

1962 मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव झाला. 1973 मध्ये त्या निवर्तल्या. आज गावोगावच्या अंगणवाड्या त्यांच्या कार्याचे स्मरण देतात.