नाव राहिले, माणसे बदलली

'यार्डबर्ड्‌स' या इंग्लिश बँडचा विषय निघाला की रसिकांना एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तीन थोर गिटारवादक आठवतात. हे तिघे एकामागून एक आले; परंतु बँडचा मुख्य गायक आरंभापासून अखेरपर्यंत एकच होता. त्याचे नाव कीथ रेल्फ.

२२ मार्च १९४३ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे जन्मलेल्या रेल्फला लहानपणापासून दम्याचा विकार होता. तरीही त्याने निवडले ते गाणे आणि माउथ ऑर्गन, म्हणजे दोन्ही श्वासाचीच कामे. १९६३ मध्ये 'यार्डबर्ड्‌स'ची स्थापना झाली आणि रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबमध्ये रोलिंग स्टोन्सची जागा या तरुणांनी घेतली. १९६५ मधील 'फॉर युवर लव्ह' या गीताने त्यांना लोकप्रियता मिळवून दिली. मात्र ब्लूजचा आग्रह धरणारा क्लॅप्टन त्याच सुमारास बाहेर पडला.

१९६८ मध्ये बँड फुटला. पेजने नवे सहकारी जमवले आणि त्यातून 'लेड झेपेलिन' उभा राहिला. रेल्फ व ढोलवादक जिम मॅकार्टी यांना मात्र कर्णकर्कश रॉकचा वीट आला होता. १९६९ मध्ये त्यांनी 'रेनेसाँ' हा बँड स्थापन केला. पियानोवर जॉन हॉकेन, बास गिटारवर लुई सेनॅमो आणि गायनात रेल्फची बहीण जेन, असे हे पंचक होते. पाश्चात्त्य अभिजात संगीत, लोकगीते आणि रॉक यांचा मेळ घालणाऱ्या दीर्घ रचना हे त्यांचे वैशिष्ट्य. पुढे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रवाहातील हा एक आरंभीचा प्रयोग ठरला.

परंतु दुसरा अल्बम पुरा होत असतानाच ही मंडळी पांगू लागली. गिटारवादक मायकेल डनफर्ड आला, १९७१ मध्ये गायिका अॅनी हॅस्लम आली. १९७२ मध्ये 'प्रोलॉग' हा अल्बम प्रसिद्ध झाला, तेव्हा वादकांत मूळ पाचांपैकी एकही उरला नव्हता. जेनची मैत्रीण बेटी थॅचर हिची गीते आणि मॅकार्टीच्या काही रचना, एवढाच जुना धागा शिल्लक होता. नव्या संचाने 'शेहेराझाद अँड अदर स्टोरीज' (१९७५) सारखे अल्बम दिले, तर १९७८ मध्ये 'नॉर्दर्न लाइट्स' हे गीत ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोहोचले. 'रेनेसाँ' म्हणजे हॅस्लम, हेच समीकरण रूढ झाले.

रेल्फ मात्र भटकत राहिला. 'मेडिसिन हेड'मध्ये त्याने बास गिटार वाजवली. त्यानंतर सेनॅमोसह 'आर्मागेडन' काढला. १९७५ मधील एका अल्बमपलीकडे तो गेला नाही. अखेर जुन्या पाच सोबत्यांनी पुन्हा एकत्र यावे, असा विचार सुरू झाला. मे १९७६ मध्ये घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवत असताना, अर्थिंग सदोष असल्याने विजेचा धक्का बसून त्याचा मृत्यू झाला. तो अवघा ३३ वर्षांचा होता.

उरलेल्या चौघांनी ते काम पुढे नेले. 'रेनेसाँ' हे नाव आता दुसऱ्यांकडे होते. त्यामुळे पहिल्या संचाच्या दुसऱ्या अल्बमचे 'इल्युजन' हे नाव त्यांनी बँडला दिले आणि १९७७ व १९७८ मध्ये दोन अल्बम काढले. १९९२ मध्ये अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये 'यार्डबर्ड्‌स'चा समावेश झाला, तेव्हा रेल्फला जाऊन १६ वर्षे लोटली होती. 'रेनेसाँ'चे चाहते आजही आहेत. त्यातील कित्येकांना तो कोणी सुरू केला, हे मात्र सांगावे लागते.