लोक वान थो
लोक वान थो (१४ जून, १९१५ : क्वालालंपूर, मलाया - २० जून, १९६४ : तैवान) हे सिंगापूरचे उद्योगपती, चित्रपटनिर्माते आणि पक्षिछायाचित्रकार होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते भारतात आश्रयास आले. मुंबईत पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

जन्म आणि शिक्षण

त्यांचे वडील लोक यू हे कथिलाच्या खाणींचे मालक आणि दानशूर गृहस्थ म्हणून मलायात प्रसिद्ध होते. वडिलांचे १९१७ मध्ये निधन झाल्यावर आईने मुलाचे संगोपन केले. क्वालालंपूर येथील प्रारंभीच्या शिक्षणानंतर ते स्वित्झर्लंडला गेले. तेथे १९३२ मध्ये त्यांनी लांब उडीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्य व इतिहास यांचे अध्ययन केले. कुटुंबाचे कॅथे चित्रपटगृह १९३९ मध्ये सिंगापूरमध्ये सुरू झाले.

युद्ध आणि भारतातील आश्रय

फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य सिंगापूरच्या दारात येऊन ठेपले, तेव्हा त्यांनी बोटीने शहर सोडले. वाटेत बोटीवर बॉम्बहल्ला झाला. ते गंभीर भाजले व काही काळ त्यांची दृष्टीही गेली. एका ऑस्ट्रेलियन युद्धनौकेने वाचलेल्यांना जावा बेटावर पोहोचवले. तेथून ते भारतात आले. ज्या डोळ्यांची आशा जवळजवळ संपली होती, त्याच डोळ्यांनी पुढे त्यांनी पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले.

मुंबईतील वास्तव्यात सलीम अली यांच्याशी परिचय झाल्यावर ते त्यांच्याबरोबर क्षेत्रभ्रमंतीस जाऊ लागले. युद्धानंतरही व्यवसायातून सवड काढून ते भारतात येत. सलीम अलींच्या पक्षिसर्वेक्षण मोहिमांना त्यांनी आर्थिक साहाय्य केले. सलीम अलींच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या मैत्रीविषयी आपुलकीने लिहिलेले आढळते.

पक्षिछायाचित्रण

त्या काळी लहान रानपक्ष्यांचे छायाचित्र घेणे अत्यंत कष्टाचे होते. फिल्म आजच्याइतकी संवेदनशील नव्हती आणि झाडीतील उजेड अपुरा असे. पक्षी क्षणभरही स्थिर राहत नसल्यामुळे चित्र हलून अस्पष्ट येई. म्हणून छायाचित्रकार घरट्याजवळ कापडाचे लपण उभारत, ते टप्प्याटप्प्याने पुढे सरकवून पक्ष्याला त्याची सवय करत आणि आत तासन्‌तास बसून राहत. फांदी, पार्श्वभूमी व प्रकाशाची दिशा यांचा विचार आधीच करावा लागे. पक्षी आल्यावर त्यासाठी वेळ नसे. घाई केल्यास पक्षी घरटे सोडून जाण्याची आणि पिले दगावण्याची भीती असे.

१९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये एरिक हॉस्किंग यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पक्षिछायाचित्रणात वापरण्यास सुरुवात केली. सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरत्या या झगमगाटाने पंखांची हालचाल गोठवता येऊ लागली आणि गर्द सावलीतील पक्ष्यांचेही स्पष्ट चित्र मिळू लागले. लोक यांचे छायाचित्रण याच स्थित्यंतराच्या काळातील होय. त्यांचे 'अ कंपनी ऑफ बर्ड्‌स' हे पुस्तक १९५७ मध्ये लंडनहून प्रकाशित झाले.

त्यांच्या प्रथम पत्नी क्रिस्टिना लोक याही पक्षिछायाचित्रकार होत्या. ब्रिटनचे भारतातील उच्चायुक्त माल्कम मॅकडॉनल्ड यांच्या 'बर्ड्‌स इन माय इंडियन गार्डन' (१९६०) आणि मुंबईत प्रसिद्ध झालेल्या 'बर्ड्‌स इन द सन' (१९६२) या पुस्तकांत त्यांची छायाचित्रे आहेत.

चित्रपट व्यवसाय

युद्धोत्तर काळात लोक यांनी कॅथे संस्थेचा मोठा विस्तार केला. मलाया व सिंगापूरमधील चित्रपटगृहांबरोबरच १९५६ पासून त्यांच्या हाँगकाँग येथील कंपनीने अनेक चिनी चित्रपट निर्माण केले.

मृत्यू

आशियाई चित्रपट महोत्सवासाठी तैवानला गेले असता २० जून, १९६४ रोजी विमान अपघातात त्यांचे व त्यांच्या पत्नी मेव्हिस यांचे निधन झाले. विमानातील सर्व ५७ जण मृत्युमुखी पडले. मृत्युसमयी लोक ४९ वर्षांचे होते. निसर्ग अभ्यासक गिब्सन-हिल यांचा त्यांनी विकत घेतलेला ग्रंथसंग्रह १९६५ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयास देण्यात आला.