जमशेटजी टाटा : घाटातल्या पावसाची वीज

उद्योगपती जमशेटजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. १८७७ मध्ये त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हा कापड गिरण्या वाफेवर चालत. मुंबईच्या गिरण्यांसाठी कोळसा लांबून आणावा लागे आणि धुराने शहर काळवंडून जाई.

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर मात्र धो-धो पाऊस पडे आणि पाणी वाया जाई. त्याची वीज करावी, असे जमशेटजींनी मनावर घेतले. अडचण अशी की पाऊस चार महिने आणि गिरण्या बारा महिने. एवढी वीज साठवता येत नाही. पाणी साठवता येते. म्हणून घाटमाथ्यावर धरणे बांधायची, मोठ्या नळांतून पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचे, त्याच्या माऱ्याने चक्र आणि चक्राबरोबर जनित्र फिरवायचे, अशी योजना आकाराला आली.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले, तेव्हा हे काम सुरूही झाले नव्हते. थोरले पुत्र दोराबजी यांनी १९१० मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन केली. १९१५ मध्ये खोपोलीची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. ते वीजकेंद्र आजही चालू आहे.