पाण्यातून उजेडाकडे

मार्क शागाल म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती गावाच्या छपरांवरून तरंगणारी प्रेमिकांची जोडपी. मला मात्र म्हातारपणी रंगीत काचांकडे वळलेला शागाल अधिक जवळचा वाटतो.

आजच्या बेलारूसमधील व्हितेब्स्क येथल्या गरीब ज्यू कुटुंबात १८८७ साली त्याचा जन्म झाला. वडील मासळीच्या वखारीत राबत. जन्मलेले बाळ हालचालच करीना, तेव्हा सुया टोचून, पाण्याच्या बादलीत बुडवून त्याला जागे केले, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मरणाची अशी जन्मापासूनच ओळख! पुढे नाझींपासून जीव वाचवून १९४१ मध्ये तो अमेरिकेला पोचला, आणि तीनच वर्षांत पत्नी बेला गेली. कित्येक महिने त्याने कुंचल्याला हात लावला नाही.

सत्तरीच्या सुमारास तो काचकामात रमला. जोडीला शार्ल मार्क हा फ्रेंच कारागीर होता. काचेवरचा रंगीत थर आम्लाने कमी-अधिक खरवडायचा, म्हणजे एकाच तुकड्यात गडद निळ्यापासून फिकट आभाळापर्यंत छटा उतरतात. त्यावर शागाल स्वतः काळ्या रंगाने रेखाटन करी. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातील प्रार्थनागृहाच्या १२ खिडक्या १९६२ साली बसल्या. त्याआधी त्या पॅरिसला प्रदर्शनात मांडल्या होत्या. तिथे एक इंग्रज तरुणी त्या पाहून भारावून गेली होती.

१९६३ मध्ये ती समुद्रात नाव उलटून बुडाली. वय अवघे २१! आईवडिलांनी केंट परगण्यातील टूडली गावच्या छोट्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ खिडकी करण्याची गळ शागालला घातली. १९६७ साली ती बसली. निळ्या लाटांत पहुडलेली मुलगी, शोक करणारी आई, वर जाणारी शिडी आणि शिडीच्या टोकाला ख्रिस्त. त्याने मृत्यू लपवला नाही, पण त्यातून उजेड आरपार येऊ दिला. दुःख झाकणारे सांत्वन टिकत नाही. शागालचे टिकले ते म्हणूनच, असे मला वाटते.

एका खिडकीसाठी आलेला शागाल ते चर्च पाहून म्हणे साऱ्याच खिडक्या करायला तयार झाला. पुरत्या १२ खिडक्या झाल्या. शेवटच्या बसल्या १९८५ साली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, ९७ व्या वर्षी, शागालही गेला. परक्या घरच्या लेकीसाठी हाती घेतलेले काम त्याला असे अखेरपर्यंत पुरले.