लॅरी मॅकफेल

लेलँड स्टॅनफर्ड मॅकफेल तथा लॅरी मॅकफेल (३ फेब्रुवारी १८९०, कॅस सिटी, मिशिगन – १ ऑक्टोबर १९७५, मायामी, फ्लोरिडा) हे अमेरिकन बेसबॉल संघांचे व्यवस्थापक व संघमालक होते. सामन्यांचे धावते वर्णन रेडिओवरून व्हावे की नाही, आणि व्हायचे तर कोणत्या केंद्रावरून, या प्रश्नाला त्यांच्या निर्णयांमुळे नवे वळण मिळाले.

जीवन

मॅकफेल यांनी कायद्याची पदवी घेतली होती. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात कॅप्टन होते. युद्ध संपल्यावर, जानेवारी १९१९ मध्ये, हॉलंडमध्ये आश्रयाला गेलेल्या कैसर विल्हेल्मला पळवून आणण्याच्या एका अचाट बेतात ते सहभागी झाले. बेत फसला; कैसरच्या निवासस्थानातील एक रक्षापात्र तेवढे त्यांच्या हाती लागले. धाडस आणि उतावीळपणा यांचे हे मिश्रण त्यांच्या स्वभावात अखेरपर्यंत टिकले. कोलंबस येथील दुय्यम दर्जाच्या संघापासून त्यांनी बेसबॉलमधील कारकिर्दीस प्रारंभ केला.

सिनसिनाटी

१९३३ च्या अखेरीस सिनसिनाटी रेड्स हा डबघाईला आलेला संघ त्यांच्याकडे सोपवण्यात आला. उद्योजक पॉवेल क्रॉस्ली यांना त्यांनी संघ विकत घेण्यास राजी केले. क्रॉस्ली हे रेडिओ संचांचे उत्पादक होते आणि शहरातील दोन केंद्रेही त्यांच्याच मालकीची होती: प्रचंड शक्तीचे डब्ल्यूएलडब्ल्यू आणि तुलनेने लहान डब्ल्यूएसएआय. रेड्सचे सामने मुख्यतः दुसऱ्या केंद्रावरून ऐकवले जात. वर्णनासाठी फ्लोरिडाहून वॉल्टर तथा रेड बार्बर या तरुणाला आणण्यात आले. एप्रिल १९३४ मध्ये त्याने वर्णन केलेला पहिला सामना हाच त्याने पाहिलेला प्रमुख लीगमधील पहिला सामना होता. २४ मे १९३५ रोजी मॅकफेल यांनी याच शहरात प्रमुख लीगचा पहिला रात्रीचा सामना भरवला.

ब्रुकलिन

१९३८ मध्ये मॅकफेल कर्जात बुडालेल्या ब्रुकलिन डॉजर्स संघाकडे आले. न्यू यॉर्क शहरातील यांकीज, जायंट्स व डॉजर्स या तीन संघांनी १९३४ पासून पाच वर्षे रेडिओ वर्णन करू न देण्याचा करार केलेला होता. घरबसल्या सामना कानी पडू लागला तर तिकीट काढून मैदानावर कोण येईल, ही त्यामागची भीती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण त्या काळी संघाची मुख्य मिळकत तिकीटविक्रीचीच असे. मॅकफेल यांचे मत नेमके उलट होते. वर्णन ऐकणाऱ्याला, विशेषतः घरातील स्त्रियांना व मुलांना, खेळाची गोडी लागते आणि तीच माणसे पुढे मैदानावर येतात, असे ते मानत. करार पुढे चालवण्यास त्यांनी नकार दिला.

१९३९ च्या हंगामासाठी त्यांनी ५०,००० वॅट शक्तीचे डब्ल्यूओआर हे केंद्र निवडले, जनरल मिल्ससारखे प्रायोजक मिळवले आणि बार्बरला ब्रुकलिनला बोलावले. उरलेल्या दोन संघांनाही मग रेडिओवर येणे भाग पडले. त्याच वर्षी ब्रुकलिनच्या मैदानावरील प्रेक्षकसंख्या साडेनऊ लाखांवर गेली. अर्थात संघाची सुधारलेली कामगिरी आणि रात्रीचे सामने यांचाही तिच्यात वाटा होता. २६ ऑगस्ट १९३९ रोजी प्रमुख लीगचे पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपणही याच मैदानावरून झाले. १९४१ मध्ये डॉजर्स नॅशनल लीगचे विजेते ठरले. पुढील वर्षी मॅकफेल सैन्यात दाखल झाले.

यांकीज

१९४५ मध्ये डॅन टॉपिंग व डेल वेब यांच्यासह त्यांनी यांकीज संघ विकत घेतला. तोवर यांकीज आणि जायंट्स एकाच केंद्रावर वाटणी करून राहत. एक संघ घरच्या मैदानावर असताना दुसरा दौऱ्यावर असे, त्यामुळे फक्त घरचे सामने ऐकवून दोघांचेही भागत असे. दौऱ्यावरील सामन्यांचे वर्णन झालेच, तर तारेने आलेल्या त्रोटक मजकुरावरून निवेदक स्टुडिओत बसून ते रचून सांगत. १९४६ मध्ये मॅकफेल यांनी ही वाटणी मोडली. डब्ल्यूआयएनएस केंद्रावरून मेल ॲलन यांच्या आवाजात यांकीजचे घरचे व बाहेरचे सर्व सामने थेट मैदानावरून ऐकू येऊ लागले.

वर्णद्वेषाच्या प्रश्नावर मात्र हे नवेपण त्यांच्यात दिसले नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख लीगमध्ये घेण्यास प्रतिकूल असा १९४६ चा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीचा होता. १९४७ ची जागतिक मालिका यांकीजनी जिंकली. त्याच रात्री विजयाच्या मेजवानीत मद्याच्या भरात त्यांनी केलेल्या भांडणानंतर त्यांचा संघाशी संबंध संपला.

मृत्यूनंतर १९७८ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांचे पुत्र ली मॅकफेल यांना हा मान १९९८ मध्ये मिळाला.