मानमोडीचा माग डुकरांत काढणारे डॉ. शोप

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, जगभर इन्फ्लुएन्झाची जी साथ पसरली तिला महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणत. मुंबई बंदरातून ती आत शिरली आणि एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. त्याच वर्षी शरद ऋतूत अमेरिकेतील आयोवा या मक्याच्या आणि डुकरांच्या मुलखात कळपच्या कळप एकाएकी तापाने फणफणले. जनावरे खोकू लागली, त्यांना श्वास घेववेना. जे. एस. कोएन या सरकारी पशुवैद्याने निदान केले की, माणसांचाच फ्लू डुकरांना झाला आहे. ग्राहक मांस घेईनासे होतील या धास्तीने व्यापारी त्याच्यावर रुष्ट झाले. पण कोएन आपल्या म्हणण्यावरून हटला नाही. त्याचे निदान प्रयोगाच्या कसोटीला लावले ते आयोवाच्याच एका सुपुत्राने. त्याचे नाव डॉ. रिचर्ड शोप.

शोप यांचा जन्म २५ डिसेंबर १९०१ रोजी डे मॉइन शहरी झाला. १९२४ साली आयोवा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते पुढे प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या पशुरोग विभागात रुजू झाले. या विभागाचे प्रमुख होते थिओबाल्ड स्मिथ. हॉग कॉलरा हा डुकरांचा जीवघेणा रोग एका जिवाणूमुळे होतो, असा निष्कर्ष याच स्मिथ यांनी १८८० च्या दशकात डॅनिएल सॅमन यांच्यासह काढला होता आणि तो पुढे चुकीचा ठरला होता. (नावात कॉलरा असला तरी माणसांच्या पटकीशी या रोगाचा काही संबंध नाही.) तो विषाणूचा रोग निघाला, सापडलेला जिवाणू केवळ मागाहून शिरणारा सोबती होता. एवढ्या थोर संशोधकाची झालेली ही फसगत शोप यांच्या घरचीच म्हणायची.

१९२८ साली हॉग कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी शोप आयोवात गेले आणि तिथे त्यांना दिसला तो दर शरदात परतणारा डुकरांचा फ्लू. आपले गुरू पॉल लुईस यांच्यासह त्यांनी आजारी डुकरांच्या श्वासमार्गातून एक जिवाणू वेगळा केला. माणसांच्या फ्लूचे कारण म्हणून फायफर यांच्या ज्या जिवाणूकडे तेव्हा बोट दाखवले जाई, त्याचाच हा जणू भाऊ. तो टोचताच एका डुकराला आजारही झाला. एखादा उतावळा संशोधक इथेच थांबला असता. या दोघांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा इतर डुकरे ठणठणीत राहिली. पुढे १९२९ साली ब्राझीलमध्ये पीतज्वरावर काम करताना लुईस यांनाच त्या रोगाने गाठले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. शोप एकटे उरले.

त्यांनी रोगी जनावरांचा स्राव जिवाणूही अडतील इतक्या सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळला. त्या गाळीव द्रवाने डुकरांना अगदी सौम्य आजार झाला. मात्र द्रव आणि जिवाणू एकत्र देताच खरा, जोरकस फ्लू उभा राहिला. विषाणू वाट मोकळी करतो आणि जिवाणू घाव घालतो, असा हा जोडीचा मामला होता. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. सस्तन प्राण्यांतून वेगळा केलेला हा पहिला इन्फ्लुएन्झा विषाणू होय. दोनच वर्षांनी लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या त्रयीने फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या साहाय्याने माणसांचा फ्लू-विषाणू हाती आणला.

लसीच्या दृष्टीने महत्त्वाचे निरीक्षणही शोप यांचेच. हा विषाणू नाकावाटे गेला की रोग होतो. तोच स्नायूत टोचला तर डुक्कर आजारी न पडता पुढच्या लागणीपासून सुरक्षित राहते. तरीही डुकरांसाठी फ्लूची तयार लस अमेरिकेच्या बाजारात यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. आमच्या मते त्याचे कारण विज्ञानापेक्षा हिशेबात आहे. या फ्लूने फार थोडी डुकरे मरतात, तर हॉग कॉलरा अख्खा कळप साफ करी. शेतकऱ्याचा पैसा साहजिकच दुसरीकडे गेला.

शोप यांना मात्र कोएनचा प्रश्न सोडवत नव्हता. १९३६ साली त्यांनी निरनिराळ्या वयांच्या माणसांचे रक्तद्रव तपासले. प्रौढांच्या रक्तात डुकरांच्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे होती. बारा वर्षांखालील मुलांत ती क्वचितच आढळली. म्हणजे मानमोडी ज्यांनी अंगावर काढली त्यांच्या रक्ताला हा विषाणू ओळखीचा होता. माणसांतून ओसरलेली साथ डुकरांत वस्तीला राहिली होती.

त्यांचे सारेच अंदाज असे फळले नाहीत. उन्हाळ्यात विषाणू जातो कुठे, याचे उत्तर त्यांनी डुकरांच्या फुप्फुसातील कृमी आणि त्या कृमींची अंडी गिळणारी गांडुळे यांच्यात शोधले. गांडूळ खाल्लेल्या डुकरात दडलेला विषाणू थंडी-पावसाने जागा होतो, ही त्यांची उपपत्ती. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खर्च केली. इतरांना ती खात्रीने पडताळता आली नाही. विषाणू डुकरांत बारमाही फिरत राहतो, असेच आज मानले जाते.

मधल्या काळात सशांच्या चामखिळींचा विषाणूही त्यांनी १९३३ साली शोधला. दुसऱ्या महायुद्धात त्यांची नेमणूक कॅनडातील ग्रॉस आयल बेटावर झाली. शत्रूने बुळकांडी पसरवली तर गोधनाचे काय, ही तेथील चिंता होती. कोंबडीच्या अंड्यांतून विषाणू पुनःपुन्हा वाढवून, त्याला दुबळा करून त्यांच्या चमूने लस सिद्ध केली. युद्धानंतर ती चीनमध्येही उपयोगी पडली. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९६६ साली, चौसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मानमोडीच्या विषाणूची संपूर्ण जनुकीय मांडणी २००५ साली पुरी झाली आणि शोप यांच्या डुकरांतील विषाणूशी त्याचे नाते उघड झाले. २००९ साली पुण्याने ज्या स्वाइन फ्लूची धास्ती घेतली, त्याच्या पृष्ठभागावरील एक प्रमुख प्रथिन याच घराण्यातून आले होते. त्या साथीत म्हाताऱ्या माणसांना लागण तुलनेने कमी झाली. त्यांच्या रक्तात जुन्या ओळखीची प्रतिपिंडे होती.